तारखेतून महिना आणि वार काढण्याच्या इतक्या तऱ्हा कशा झाल्या?

डेटाबेस तारीख आपल्यासारखी लिहून ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या 'डेटटाइम' या तारखेच्या प्रकारात आठ बाइट असतात. चारांत १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस, उरलेल्या चारांत मध्यरात्रीपासूनचा वेळ, तोही सेकंदाच्या तीनशेव्या हिश्श्यांत. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसचं सात बाइटांत भागतं. 'ऑगस्ट' किंवा 'मंगळवार' असा शब्द यात कुठेच नसतो. तो क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आदेशातच, घडवावा लागतो.

क्वेरी जिच्यात लिहितात त्या एसक्यूएल भाषेच्या १९९२ च्या प्रमाणाने त्यासाठी 'एक्स्ट्रॅक्ट' हे फंक्शन दिलं. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि टाइमझोनचे तास-मिनिटं मागता येतात, आणि हाती पडतात ते निव्वळ आकडे. महिन्याचं नाव नाही, वार तर नाहीच. नावं भाषेगणिक बदलतात, त्यामुळे ती बाहेर राहिली हे समजण्यासारखं आहे. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. ती गरज ज्याने त्याने आपापल्या परीने भागवली.

सायबेस या जुन्या डेटाबेसच्या घराण्यातून आलेल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आकड्यासाठी 'डेटपार्ट' आणि नावासाठी 'डेटनेम'. ओरॅकलने सगळा भार तारखेचा मजकूर करणाऱ्या 'टू_चार'वर टाकला. तिथे 'मंथ' हा फॉरमॅट इंग्रजीत नेहमी नऊ अक्षरं देतो, कारण सगळ्यात लांब नाव सप्टेंबरचं, इंग्रजी स्पेलिंगने नऊ अक्षरांचं. 'मे'च्या तीन अक्षरांमागे सहा स्पेस येतात. रकाने सरळ दिसतात खरे, पण त्याची तुलना नुसत्या 'मे'शी केली की एकही ओळ परत येत नाही. पुढे 'एफएम' लावलं की स्पेस जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसने 'टू_चार' घेताना ही खोडही सोबत घेतली.

मायएसक्यूएल या डेटाबेसने सी या प्रोग्रॅमिंग भाषेत तारखेचा मजकूर करणाऱ्या 'एसटीआरएफटाइम'सारखी टक्क्याची चिन्हं घेतली, पण अर्थ फिरवले. सीमध्ये टक्का आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. मायएसक्यूएलमध्ये महिन्याचं नाव. एसक्यूलाइट हा डेटाबेस सीच्याच वाटेने गेला. एकीकडची क्वेरी दुसरीकडे नेताना यात हमखास गफलत होते, आणि एरर येत नाही हे जास्त वाईट.

वारांचे आकडे हा आणखी एक घोळ. एकट्या पोस्टग्रेसमध्ये वाराचा आकडा तीन प्रकारे मागता येतो: रविवार 'डीओडब्ल्यू'त ०, 'आयएसओडीओडब्ल्यू'त ७ आणि 'टू_चार'च्या 'डी'त १. तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ८६०१ आठवडा सोमवारी सुरू करतं आणि ज्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा मानतं. म्हणून २९ डिसेंबर २०२५ ही तारीख २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडते.

मराठी नावांचं काय? मायएसक्यूएलमध्ये नावांची भाषा ठरवणाऱ्या 'एलसी_टाइम_नेम्स' या सेटिंगच्या यादीत हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू आहेत, मराठी नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून 'फॉरमॅट' या फंक्शनला मराठीचा कल्चर कोड, म्हणजे भाषा-प्रदेशाची खूण, देता येतो, पण हे फंक्शन डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर यंत्रणेवर चालतं आणि मोठ्या टेबलवर चांगलंच रेंगाळतं. बारा नावांचं एक छोटं टेबल करून ते महिन्याच्या आकड्यावर जोडलेलं बरं पडतं.