वीत, स्टॉपवॉच आणि अडीच सेकंद

फेब्रुवारी सरता सरता अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणारी तीनशेच्या वर मुलं व्यावसायिक संघांच्या तपासणीसाठी गोळा होतात. एकेक जण टेबलापाशी येतो, पंजा पूर्ण ताणून ठेवतो, आणि मोजणारा माणूस अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावतो. आपण जिला वीत म्हणतो, तीच ही. तिची नोंद इंचाच्या आठव्या भागापर्यंत होते आणि संध्याकाळपर्यंत देशभर तिची चर्चा सुरू होते.

2020 मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, वीत 9 इंच भरली. या जागेवरच्या खेळाडूसाठी ती लहानच. 2022 मध्ये केनी पिकेटची त्याहून लहान, साडेआठ इंच निघाली. बरोला सिनसिनाटीच्या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं. पिकेटला पिट्सबर्गने विसाव्या क्रमांकावर घेतलं आणि दोन हंगामांनंतर दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. यावरून विती​बद्दल काय सिद्ध झालं? काहीच नाही. दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नसतं. पण लाखो लोक दर वर्षी एवढ्याच पुराव्यावर ठाम मत बनवतात, आणि ज्यांची नोकरी या निवडीवर अवलंबून असते त्यांच्याकडेही याहून फार जास्त पुरावा नसतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडू, हातात लंबगोल चेंडू, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. प्रत्येक संधीची सुरुवात चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येण्याने होते. तो फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत. ते एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिला क्रमांक मिळतो. म्हणजे ज्या संघाची अवस्था सर्वांत बिकट, त्याच्याच हातात सर्वांत मोठा निर्णय.

तो निर्णय किती अवघड असतो हे 2018 च्या पहिल्या फेरीत दिसलं. त्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश अ‍ॅलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन बत्तिसावा, म्हणजे फेरीतला अगदी शेवटचा. पुढे जॅक्सन 2019 आणि 2023 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अ‍ॅलन 2024 मध्ये ठरला. रोझनला त्याच्या संघाने वर्षभरातच दुसरीकडे धाडलं. मेफिल्ड आणि डार्नल्ड यांना त्यांना निवडणाऱ्या संघांनी सोडून दिलं. मग मेफिल्डचा जम टॅम्पा बे संघात बसला, आणि डार्नल्डने मिनेसोटाकडून खेळताना 2024 मध्ये 14 सामने जिंकून दिले, फक्त 3 हरले. या पाचांची तपासणी करणारी माणसं अडाणी नव्हती. त्यातले बरेच जण आयुष्यभर दुसरं काहीच करत आलेले आहेत.

मग चूक होते कुठे? मला वाटतं, इथे निष्काळजीपणा शोधणं सोडून द्यायला हवं. जे जाणून घ्यायचं असतं ते कॉलेजच्या मैदानावर फारसं घडतच नाही, म्हणून ते कितीही पाहिलं तरी दिसत नाही.

आधी, जे मोजता येतं ते घेऊ. अ‍ॅलनने 2018 च्या चाचणीत चेंडू ताशी 62 मैल वेगाने फेकला, म्हणजे ताशी जवळजवळ 100 किलोमीटर. समजा दुसरा एक क्वार्टरबॅक ताशी 52 मैलाने फेकतो. वीस यार्ड म्हणजे साधारण 18 मीटर. हवेचा रोध बाजूला ठेवला तर अ‍ॅलनचा चेंडू हे अंतर सुमारे 0.66 सेकंदात कापेल आणि दुसऱ्याचा 0.79 सेकंदात. फरक 0.13 सेकंदाचा. बचाव करणारा खेळाडू सेकंदाला आठ मीटर धावतो असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो एक मीटर पुढे येतो. एक मीटर इथे कमी नाही, कारण तेवढ्यात चेंडूला बोट लागू शकतं. ताकदवान खांद्याला किंमत आहे ती यामुळे.

आता त्याच बचावपटूसमोर तिसरा क्वार्टरबॅक उभा करा. हात अ‍ॅलनइतकाच तगडा, पण फेकावं की नाही या विचारात त्याचा अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात बचावपटू चार मीटर पुढे आलेला असतो. खांद्याने कमावलेला एक मीटर, डोक्याने गमावलेले चार. पहिला आकडा इंडियानापोलिसमध्ये रडार गनवर दिसतो. दुसरा तिथे कुठेच दिसत नाही, कारण त्या चाचणीत समोर बचाव करणारं कुणीच नसतं.

तो अर्धा सेकंद कुठे जातो, हे एका खेळीत जवळून पाहू. तिसरी संधी, आठ यार्ड हवेत. चेंडू येण्याआधी क्वार्टरबॅकला समोर दोन सेफ्टी दिसतात, म्हणजे सर्वांत मागे उभे राहणारे दोन राखणदार, डावा आणि उजवा. दोघे मागे असतील तर मधली जागा मोकळी राहते, असं त्याच्या मनात पक्कं आहे. चेंडू हातात येतो. तो मागे पावलं टाकतो: एक, दोन, तीन. याच वेळात उजवा सेफ्टी पुढे धावत मधल्या जागेत उतरतो आणि डावा मैदानाच्या मध्यावर सरकतो. मोकळी असणार होती ती जागा बंद झाली आणि उजवीकडची कड उघडी पडली. पाचव्या पावलाला चेंडू हातातून सुटायला हवा. समोर सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं त्याच्यापर्यंत पोचायला धडपडत आहेत. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत सगळे मिळून अडीच सेकंद, फार तर पावणेतीन. त्यात त्याने सेफ्टीचं पहिलं पाऊल पाहिलं, ओळखलं, आधीचा बेत सोडला आणि नवा धरला, तर ती खेळी बसली.

या ओळखण्याला नेहमीची बुद्धिमत्ता किती उपयोगी पडते? अनेक वर्षं संघांना वाटत होतं की खूप. वंडरलिक नावाची 50 प्रश्नांची, 12 मिनिटांची चाचणी कम्बाइनमध्ये, म्हणजे इंडियानापोलिसच्या त्या तपासणीत, दशकानुदशकं घेतली जायची. तिच्या गुणांचा आणि मैदानावरच्या कामगिरीचा ठोस संबंध अभ्यासकांना सापडला नाही, आणि 2022 मध्ये लीगने ती बंद केली. मानसशास्त्रात याचं कारण जुनं आहे. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना पाच सेकंद पट दाखवला आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातला पट असला की निष्णात खेळाडू नवख्यांच्या कितीतरी पुढे. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी. त्यांची स्मरणशक्ती सगळ्याच गोष्टींसाठी तेज नव्हती. ती त्या खेळातल्या रचनांची होती, हजारो डावांतून साचलेली. कसलेला फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडूचा अंदाज घेतो तेही असंच. त्याचे डोळे इतरांपेक्षा तेज नसतात, कुठे पाहायचं ते त्याला माहीत असतं. म्हणून संगणकाच्या पडद्यावर ठिपके आणि आकृत्या दाखवून क्वार्टरबॅक ओळखता येईल, यावर माझा विश्वास बसत नाही. 2023 मध्ये सी. जे. स्ट्राउडला अशा एका चाचणीत फार कमी गुण मिळाल्याची बातमी फुटली. त्याच हंगामात त्याने 4,108 यार्डांच्या फेकी केल्या, त्यांतल्या 23 फेकींवर टचडाउन, म्हणजे थेट गुण, मिळाले, फक्त 5 चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले, आणि आक्रमणातला वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

मग त्या रचनांची ओळख कॉलेजच्या खेळातून तपासावी, हा सरळ मार्ग वाटतो. इथेच खरी अडचण आहे. कॉलेजचं मैदान एनएफएलइतकंच रुंद, 160 फूट. पण त्यावरच्या तुटक रेषांच्या दोन ओळी, ज्यांच्या आत प्रत्येक खेळी सुरू होते, कॉलेजात एकमेकींपासून 40 फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फुटांवर. चेंडू ओळीवर असेल तर कॉलेजात एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळे पडतात. एवढी रुंद बाजू राखताना बचावाला आपला डाव लपवणं कठीण जातं. एनएफएलमध्ये हेच अंतर साधारण 71 आणि 89 फूट होतं. दोन्ही बाजू सारख्या होतात आणि सेफ्टीला फसवायला जागा मिळते. टीव्हीवर या रेषांकडे कुणाचं लक्षही जात नाही, पण त्यांनी प्रश्नपत्रिकाच बदललेली असते. शिवाय बऱ्याच कॉलेजांत प्रशिक्षक सीमारेषेवरून खेळी ठरवून देतात, क्वार्टरबॅकने एकाच बाजूला पाहून पटकन आखूड फेक करायची असते, आणि बलाढ्य कॉलेजात रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, इतके मोकळे असतात की सेफ्टीकडे पाहायची गरजच पडत नाही. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर त्या मुलाला येतं का हे चित्रफितीत शोधून सापडणार नाही.

आकड्यांनाही मर्यादा आहेत. हंगामात एखादा क्वार्टरबॅक 400 फेकी करतो असं धरू. त्याची खरी अचूकता 60 टक्के असेल, तरी केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी 56 आणि एखाद्या वर्षी 64 दिसू शकते. 400 वेळा नाणं उडवल्यावर जेवढी वरखाली होते तेवढीच ही. तेव्हा एका हंगामाच्या 62 आणि 66 टक्क्यांवरून दोन मुलांची तुलना करायची तर पायाच भुसभुशीत. डेव्हिड लुइन या विश्लेषकाने काढलेला निष्कर्ष मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन फेऱ्यांत निवडलेल्या क्वार्टरबॅकांच्या बाबतीत कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्या आणि फेकींची अचूकता या दोन गोष्टी पुढच्या यशाचा सर्वांत चांगला अंदाज देतात, असं त्याने दाखवलं. जास्त सामने म्हणजे जास्त रचना पाहिलेल्या, आणि निवडणाऱ्यांनाही नमुना मोठा मिळालेला.

पण अ‍ॅलनने या नियमालाही धक्का दिला. कॉलेजात, वायोमिंगमध्ये, त्याची अचूकता 56.2 टक्के होती. एनएफएलच्या पहिल्या हंगामात 52.8, दुसऱ्यात 58.8, आणि तिसऱ्यात 69.2. अचूकता शिकवता येत नाही असं म्हणणारे त्याच्याबाबतीत चुकले. मात्र त्यानंतर दर वर्षी कुणातरी दांडग्या, बेभरवशी मुलाला ‘पुढचा अ‍ॅलन’ म्हटलं जातं, तेव्हा तसे दांडगे, बेभरवशी आणि शेवटपर्यंत तसेच राहिलेले किती होते हे कुणी मोजत नाही. त्यांची नावंच कुणाला आठवत नाहीत.

ड्राफ्टमधला क्रमांक मुळात काही सांगतो का, यावर डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. क्रमांक वरचा असेल तर खेळायला जास्त मिळतं, पण प्रत्येक खेळीतली कामगिरी त्या प्रमाणात चांगली नसते, असं त्यांचं म्हणणं. यावरून निवड म्हणजे निव्वळ जुगार, असा अर्थ अनेकांनी काढला. तो अर्थ मला मान्य नाही. सहाव्या फेरीतले बहुतेक क्वार्टरबॅक मैदानावर उतरतच नाहीत. उतरतात ते सरावात प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरलेले थोडे, आणि तुलना फक्त त्यांच्याशी होते. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उंची आणि गुण यांचा थेट मेळ बसत नाही, कारण बुटकी माणसं तिथवर पोचतच नाहीत. म्हणून उंची निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत नाही. 2000 मध्ये 199 व्या क्रमांकावर गेलेला टॉम ब्रेडी पुढे सात सुपर बोल जिंकला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधी त्या वर्षी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, हेही सांगितलं जातं. गेल्या कित्येक ड्राफ्टमध्ये 199 च्या आसपास गेलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचं काम मला जास्त पटतं. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच जागेवरच्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधीचा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेमच जास्त असते, असं त्यांना आढळलं. तरी तो आधीचा मिळावा म्हणून संघ पुढच्या वर्षांच्या निवडीच्या संधी उधळून टाकतात. संघांना अंदाज येत नाही असं हे संशोधन म्हणत नाही. आपल्या अंदाजावर त्यांचा जो भरवसा असतो तो मात्र अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

आणि निवडीनंतर काय होतं, हे तर प्रयोगात पकडताच येत नाही. डेव्हिड कारला 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघाने पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्या हंगामात तो 76 वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटला गेला. एका हंगामातला हा विक्रम आहे. पॅट्रिक माहोम्सला 2017 मध्ये कॅन्सस सिटीने दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि जवळजवळ पूर्ण वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथ या अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागे बसवून शिकवलं. ते दोघे अदलाबदल होऊन गेले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर मिळायला सोय नाही. कार वाईट होता की त्याला वाईट केलं गेलं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

अलीकडची एक गोष्ट मात्र मला मनापासून आशा देते. जेडन डॅनियल्स लुइझियाना स्टेट विद्यापीठात शेवटचा हंगाम खेळत असताना डोळ्यांवर आभासी वास्तवाचं हेडसेट चढवून सराव करायचा. समोर बचावाची मांडणी, सेफ्टीच्या हालचाली, आणि वेग खऱ्या खेळापेक्षा वाढवलेला. त्या हंगामात तो कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइजमन ट्रॉफी जिंकला. 2024 मध्ये वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याने 12 सामने जिंकून देत संघाला सुपर बोलपासून एका पायरीवर आणलं. हे हेडसेटमुळे झालं, की कॉलेजात खेळलेल्या पन्नासहून अधिक सामन्यांमुळे, की दोन्हींमुळे, हे एका माणसावरून सांगता येणार नाही. पण त्या हेडसेटमध्ये समोर बचाव असतो. सेफ्टीने पहिलं पाऊल कधी टाकलं, मुलाची नजर तिथे कधी गेली, हात कधी हलला, हे तिन्ही क्षण तिथे नोंदवता येतात. इंडियानापोलिसच्या टेबलावर आजही पट्टीच ठेवलेली आहे.