चुंबक चिकटला म्हणजे ग्रिल बनावट?

गच्चीवर बार्बेक्यूचा बेत ठरला की ग्रुपवर हा फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘ग्रिलला चुंबक लावा, चिकटला तर स्टेनलेस स्टील खोटं.’

अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. स्टील स्टेनलेस ठरतं ते क्रोमियममुळे, किमान साडेदहा टक्के. चुंबकाचा संबंध धातूच्या आतल्या रचनेशी. ३०४ ग्रेडमध्ये (ग्रेड म्हणजे स्टेनलेसचा प्रकार) साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. या निकेलमुळे आतली रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतं, चुंबक चिकटतो, तरी ते अस्सल स्टेनलेसच. उलट स्वस्त २०१-२०२ मध्ये निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज घालतात. तिथेही चुंबक चिकटत नाही, पण वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत ते ३०४ च्या आधी गंजतं. म्हणजे चाचणीत ‘पास’ झालेल्या ग्रिलवरच पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके दिसू शकतात!

घरीच बघा. स्टीलच्या सिंकच्या सपाट भागावर चुंबक धरा, मग वळवलेल्या कोपऱ्यावर. सपाट भागावरून घसरणारा चुंबक कोपऱ्यात कधी कधी हलकासा ओढला जातो. पत्रा तोच, वाकवताना रचना थोडी बदलते, इतकंच.

ग्रिल घेताना दुकानदाराकडून ग्रेड बिलावर लिहून घ्या. जाळी, बिजागऱ्या आणि स्क्रूचाही विचारा. झाकण ३०४ चं आणि स्क्रू साध्या लोखंडाचे, असं बऱ्याचदा असतं. आणि ३०४ असलं तरी समुद्राजवळ ते गोड्या पाण्याने पुसून कोरडं करावंच लागतं.