‘डिझेलच घे, सस्ती पडते’

घरात दुसरी गाडी घ्यायचं निघालं की नागपुरात एखादा काका हमखास म्हणतो, “डिझेलच घे रे, सस्ती पडते.” ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, पेट्रोल-डिझेलच्या भावातली मोठी तफावत गेली, सल्ला मात्र तोच राहिला.

घर ते ऑफिस, जाऊन-येऊन रोजचे 12 किलोमीटर धरा. महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 300. पेट्रोल गाडी शहरात 15 चं ॲव्हरेज देते, डिझेल 20 चं. शंभर आणि नव्वद असे ढोबळ भाव लावले तर खर्च 2000 आणि 1350. बचत साडेसहाशे! गाडीच लाखभर महाग असेल तर ते भरून निघायला बारा वर्षांहून जास्त लागतील. वर महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही जास्त.

खरी मेख सायलेन्सरच्या वाटेवर आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी तापून बराच वेळ एका वेगात पळावी लागते. सीताबर्डीच्या सिग्नलवर ते कुठून होणार? मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि काका रविवारी गाडी वर्धा रोडला ‘फिरवून’ आणतात. तेही डिझेल जाळूनच.

रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवे असेल, तर काकांचं ऐका.