‘मझल टोव्ह’मधला मझल आला कुठून?

ज्यू लग्नात नवरदेव पायाखाली ग्लास फोडतो आणि सगळे ओरडतात ‘मझल टोव्ह!’, पिक्चरमध्ये पाहिलंच असेल. शब्दशः अर्थ चांगलं नशीब, पण परीक्षेला निघालेल्या पोराला असं कोणी म्हणत नाही, ते पास झाल्यावर म्हणायचं, म्हणजे आपलं अभिनंदनच.

गंमत म्हणजे मझल मुळात नशीब नव्हताच, तो आकाशात होता. बायबलमध्ये योशीया राजाने सूर्य, चंद्र आणि ‘मझलोत’ यांच्यासाठी धूप जाळणाऱ्या पुजाऱ्यांना हाकललं असं येतं, मझलोत म्हणजे तारकासमूह, राशी. हिब्रूने हा शब्द घेतला अक्कादी भाषेतून, म्हणजे प्राचीन इराकमधल्या बॅबिलोनवाल्यांकडून. तिथे ‘मन्झाल्तु’ म्हणजे उभं राहायची जागा, ताऱ्याचं ठाणं म्हणा ना. त्याचं आधीचं रूप मन्झाझ्तु, पण अक्कादीत त-द च्या आधी झ किंवा श आला की त्याचा ल व्हायचा. याच नियमाने बॅबिलोनकडच्या ‘कश्दु’ लोकांचे ‘कल्दु’ झाले, ग्रीकांमुळे जगाला ते खाल्डियन म्हणून माहीत, आणि पुढे ग्रीक-रोमन लोक ज्योतिष सांगणाऱ्यालाच खाल्डियन म्हणायला लागले!

आता आपल्याला इथे ‘मजल दरमजल’ आठवणारच. मजल आला अरबी मनझिलवरून, आणि अरबीत चंद्राच्या नक्षत्रांनाही मनाझिलच म्हणतात, त्यामुळे मोह होतो खरा. पण मनझिलचा धातू ‘उतरणं’, मन्झाल्तुचा ‘उभं राहणं’, तेव्हा हे नातं जोडू नका.

ताऱ्यावरून नशिबावर यायला फार वेळ लागत नाही, आपल्याकडे ‘ग्रह फिरले’ म्हणतातच की. ताल्मुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात ‘इस्राएलला मझल नाही’, म्हणजे ज्यूंवर ग्रहताऱ्यांची सत्ता चालत नाही, असं मत आहे, तरी इस्राएलमधल्या बेट अल्फा गावच्या 6व्या शतकातल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, फरशीवर बाराही राशी हिब्रू नावांसकट मोझेकमध्ये आहेत. आजही हिब्रूत कुंभ रास म्हणजे मझल दली, दली म्हणजे बादली.

यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मन वळणाच्या भाषेत, उच्चार आखडून ‘माझ्ल’ झाला आणि त्याला जर्मनसारखाच ‘श्लिम’, म्हणजे वाईट, चिकटून ‘श्लिमाझ्ल’ तयार झाला, जन्माचा कमनशिबी माणूस. जर्मनमधला ‘श्लामासेल’ म्हणजे लफडं, घोळ, तो याचाच भाऊ, आणि डचमध्ये ‘माझेल’ म्हणजे सरळ नशीबच.

आणि हिऱ्यांच्या धंद्यात तर हा शब्द ज्यूंपुरता राहिलाच नाही, बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये भाव ठरला की हात मिळवून ‘मझल’ म्हणायचं की सौदा पक्का, आणि तिथले गुजराती व्यापारीसुद्धा तेच म्हणतात.