कॅरिबियन नोटा विकत घेण्याआधी

दुकानात कॅरिबियन नोटांचा अल्बम उघडला की नजर आधी रंगांवर जाते. रंगासाठी नोट घ्यायला काहीच हरकत नाही. किंमत मात्र बऱ्याचदा एखाद्या अक्षरावर किंवा सहीवर ठरते. ती कशी ओळखावी, यासाठी हे पत्रक.

नव्या संग्राहकांनी पूर्व कॅरिबियनपासून सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. बार्बाडोस, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना आणि आसपासची छोटी बेटं या सगळ्यांचं १९५० च्या सुमारास एकच चलन होतं. त्या पहिल्या नोटांवर सहावा जॉर्ज आहे, १९५३ पासून राणी एलिझाबेथ. एक डॉलर लाल, दोन निळा, पाच हिरवा, शंभर काळा. जॉर्जच्या नोटा महाग पडतात. राणीची लाल एक डॉलरची नोट थोडी वापरलेली घेतलीत तरी चालेल.

१९८३ मध्ये सेंट किट्समधल्या बासेतेर इथे पूर्व कॅरिबियन मध्यवर्ती बँक सुरू झाली. तिच्या जुन्या नोटांवर क्रमांकाच्या शेवटी बेटाचं अक्षर असे : एल म्हणजे सेंट लुसिया, के म्हणजे सेंट किट्स, व्ही म्हणजे सेंट व्हिन्सेंट. ए अँटिग्वाकडे गेल्यामुळे अँग्विलाच्या वाट्याला यू आलं. नोट तीच, चित्र तेच, पण एम (माँटसेरात) आणि यू कमी दिसतात, म्हणून भाव चढा. एकाच मूल्याची सगळी अक्षरं जमवण्यात मोठी गंमत आहे.

क्यूबाची १९६० ची नोट मागायला येणारे बहुतेक जण क्रांतिकारक चे गेव्हाराच्या सहीसाठी येतात. तो तेव्हा राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष होता आणि नोटेवर पूर्ण नाव न घालता नुसतं ‘चे’ लिहीत असे. ही सही छापलेली आहे, पेनाने केलेली नाही. ‘हाताची सही’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. ऑगस्ट १९६१ मध्ये क्यूबाने जुन्या नोटा बाद करून चेकोस्लोव्हाकियात छापलेल्या नव्या आणल्या. त्यांवरही ‘चे’ आहे. बजेट कमी असेल तर १९६१ चा एक पेसो घ्या; मागच्या बाजूला हवानात शिरणारे कास्त्रो आणि बंडखोर सैनिक आहेत.

जमैकाने १९६९ मध्ये डॉलर आणला आणि राणीला नोटेवरून उतरवलं. तिच्या जागी आलेल्यांमध्ये उठावाचा नेता पॉल बोगल आणि राजकारणी जॉर्ज विल्यम गॉर्डन आहेत, दोघांनाही १८६५ मध्ये ब्रिटिश सरकारने फाशी दिलं होतं. आमच्या मते या भागातला हा सर्वांत बोलका संच. बहामाची तीन डॉलरची नोट लोकांना खोटी वाटते, पण खरी आहे : १९६६ मध्ये एक डॉलर सात शिलिंगांचा धरला होता, म्हणून तीन डॉलर म्हणजे साधारण जुना एक पौंड (वीस शिलिंग).

दर्जाबद्दल एक सूचना. आपल्या जुन्या नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारलेली असे, त्यामुळे भोकं आपण चालवून घेतो. या नोटांना ती सवलत नाही; पिनचं एक भोक असलं तरी ‘अनसर्क्युलेटेड’ (न वापरलेली, कोरी) म्हणून किंमत देऊ नका. आम्ही घडी, डाग, भोक सगळं बिलावर लिहून देतो.

घरी नेल्यावर इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळा, मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात अल्बमच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओलसर झाली की बदला.