जॅझ तुमच्या दारी: मैफल ठरवण्याआधी वाचण्यासाठी

आमच्याकडे जॅझच्या मैफलीसाठी विचारणा करणाऱ्या शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम, निवारागृहं, सुधारगृहं आणि वस्त्यांमधली मंडळं यांच्यासाठी हे पत्रक आहे. आमची फर्म छोटी आहे. ध्वनिव्यवस्था लावणं आणि वाद्यांची ने-आण व देखभाल करणं हा आमचा व्यवसाय. तिकीट काढून सभागृहात जाणं ज्यांना परवडत नाही किंवा जमत नाही, त्यांच्यापर्यंत वादकांना घेऊन जाणाऱ्या एका ना-नफा संस्थेचं हे सगळं काम आम्ही पाहतो. वादक ठरवणं, देणग्या उभ्या करणं आणि मानधन देणं संस्थेकडे. जागा पाहणं, आवाज बसवणं आणि सामान वेळेत पोचवणं आमच्याकडे. म्हणून तुमचा पहिला फोन बहुतेक वेळा आम्हालाच येतो.

मोफत कोणासाठी?

श्रोत्यांसाठी. त्यांच्याकडून काहीही घेतलं जात नाही. वादकांना मात्र त्यांचं पूर्ण मानधन मिळतं, आणि याबाबत संस्था व आम्ही दोघंही ठाम आहोत. ‘एवढं चांगलं काम आहे, वादक तसेच येतील की,’ असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. एखादा येईलही. पण वादन हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्याला असं किती वेळा बोलावणार? शिवाय मानधन दिलं की वेळेवर येण्याची, तालीम करून येण्याची अपेक्षा हक्काने ठेवता येते.

हा विचार नवा नाही. रेकॉर्ड आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) आल्यावर अमेरिकेत वादकांची प्रत्यक्ष वादनाची कामं आटू लागली. 1 ऑगस्ट 1942 पासून तिथल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या 1944 पर्यंत एकेक करून नमल्या आणि विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम एका निधीत भरू लागल्या. पुढे कायदा बदलला, संघटनेला तो निधी स्वतःच्या हातात ठेवता येईना, तेव्हा 1948 मध्ये दुसरा बहिष्कार झाला आणि त्यातून स्वतंत्र विश्वस्ताकडे सोपवलेला म्यूझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड उभा राहिला. त्या पैशातून बागांमध्ये, शाळांमध्ये, रुग्णालयांमध्ये लोकांसाठी मोफत कार्यक्रम झाले आणि वादकांना त्यांचे पैसे मिळाले. यंत्राने हिरावलेलं काम यंत्राच्याच कमाईतून परत मिळवायचं, ही कल्पना आम्हाला आजही फार मोलाची वाटते.

1964 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॅफ्नी आर्नस्टीन आणि पियानोवादक बिली टेलर यांनी जॅझमोबील सुरू केलं. चाकांवरचा रंगमंच थेट लोकांच्या रस्त्यावर न्यायचा आणि त्यावर नामवंत वादकांनी वाजवायचं. लोकांच्या दारात जायचं, तर दुय्यम फळी घेऊन जायचं नाही, हा धडा संस्थेने तिथून घेतला आहे.

लोकांना जॅझ कळेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी तो आम्हाला टोचतो. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा माणसांमध्येच हे संगीत वाढलं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, पुढे जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक झालेला लुई आर्मस्ट्राँग अकरा वर्षांचा असताना 1912 च्या शेवटच्या रात्री त्याने रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचा बँड चालवत. त्यांनी त्याला आधी खंजिरीसारखं टॅम्बरिन दिलं, पुढे बिगुल आणि मग कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच पण आखूड वाद्य. पद्धतशीर शिक्षण त्याला पहिल्यांदा मिळालं ते तिथेच. शिकागोतल्या गरीब घरातल्या बेनी गुडमन या पुढे नावाजलेल्या वादकालाही क्लॅरिनेट मिळालं ते सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या संगीतवर्गात, आणि नंतर तो हल हाउस या सेवाकेंद्राच्या बँडमध्ये वाजवू लागला. तेव्हा ‘आमच्या मुलांना झेपेल असं काहीतरी सोपं वाजवा’ ही सूचना कृपया करू नका. वादक तेच वाजवतील जे ते मोठ्या सभागृहात वाजवतात.

थोडी ओळख मात्र करून देतात, आणि ती पुरते. सगळे मिळून आधी मूळ चाल वाजवतात. मग त्याच चालीच्या स्वरसंगतीवर एकेक जण आपल्या मनाने, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. बंदिशीचा मुखडा धरून परत यावं तसं. कितीतरी जॅझ गीतांची चाल 32 मात्राखंडांची (मात्राखंड म्हणजे बहुधा चार मात्रांचा गट) असते, आठ-आठचे चार भाग. त्यातला तिसरा भाग वेगळा आणि बाकीचे तीन जवळपास सारखे. ब्लूज हा जॅझच्या मुळाशी असलेला गीतप्रकार बहुधा 12 मात्राखंडांचा. त्याच्या गाण्यात पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. टाळी धरायची तर चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एवढं सांगून ड्रमवादक गप्प बसतो आणि ताल श्रोत्यांच्या हाती देतो. सुरुवातीला टाळ्या पहिल्या-तिसऱ्यावर घसरतात, मग कोणीतरी सावरतं आणि सगळी खोली सावरते.

शाळेत हमखास होणारी एक गोष्ट सांगतो. ट्रम्पेटवादक पिशवीतून मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पेला काढतो, अर्थात कोरा आणि दांडा काढलेला. मुलं खिदळतात. तो पेला तो ट्रम्पेटच्या तोंडावर धरतो, हळूहळू उघडझाप करतो, आणि ट्रम्पेट बोलायला लागतं: कुरकुरतं, रडतं, चिडवतं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात बबर मायलीने 1920 च्या दशकात याच साध्या वस्तूने आपला आवाज घडवला होता. त्यानंतर मुलांना वर्गात शांत राहा असं सांगावं लागत नाही.

जागा

सभागृह नको. खरंच नको. चाळीस-पन्नास माणसं वादकांपासून हाताच्या अंतरावर बसतील अशी खोली मोठ्या मंचापेक्षा कितीतरी चांगली. बेसवादकाची बोटं तारेवर कशी पडतात, सॅक्सोफोनवादक फुंकण्याआधी मुखभागातली बोरूची पातळ पट्टी जिभेने कशी भिजवतो, दोघं एकमेकांकडे पाहून डोळ्यांनी ‘आता तू’ असं कसं म्हणतात, हे दिसलं की अर्धी समजूत आपोआप येते. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच मिळत नाही. यासाठीच तर एवढा खटाटोप.

चौघांच्या संचाला साधारण 4 मीटर बाय 3 मीटर मोकळी जागा लागते. उभा बेस माणसाएवढा उंच असतो, त्यामुळे दार, जिना आणि लिफ्टचं माप आधी कळवा. तुमच्याकडे पियानो असेल आणि बरेच दिवस सुरात लावलेला नसेल, तर आम्ही कीबोर्ड आणतो. वीज फार लागत नाही. अर्थिंग असलेला एक चांगला सॉकेट पुरतो, फक्त तो मंद-तेज होणाऱ्या दिव्यांच्या लाइनवर नसावा, नाहीतर स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो.

मोठे स्पीकर लावा, असा आग्रह धरला जातो. लहान खोलीत आम्ही फक्त गायकाचा आवाज आणि बेस थोडा उचलतो. ड्रम आणि फुंकवाद्यांना माइक लागत नाही. फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा ड्रमवादक काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घेतो. जाड पडदे किंवा सतरंज्या असतील तर त्या काढू नका, उलट आणखी घाला.

रुग्णालयं आणि वृद्धाश्रम

वॉर्डमध्ये पूर्ण संच येत नाही. गिटार, बेस आणि ब्रश, फार तर एखादा गायक. वीस ते तीस मिनिटं. कुठे थांबायचं आणि कोणत्या खाटेजवळ जायचंच नाही, हे तिथल्या नर्स ठरवतात आणि त्यांचा शब्द अखेरचा. फुंकवाद्यांमध्ये श्वासाचं पाणी साचतं, म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा रुग्णांजवळ ती आणत नाही. ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. ज्याच्या आयुष्यात बाकी सगळं दुसरेच ठरवतात, त्याच्यासाठी तो हक्क मोठा असतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना झांजेपासून लांब आणि गायकासमोर बसवा. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी अचानक मोठा आवाज टाळतो, संथ चालींनी सुरुवात करतो. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांना दाराजवळची जागा द्या, म्हणजे त्यांना उठून जाता येईल आणि वाटलं तर परतही येता येईल. मध्येच उठल्याचं कोणालाही वाईट वाटत नाही.

मैफलीनंतरचा अर्धा तास

हा वेळ कापू नका. वेळ कमी असेल तर मैफल थोडी आटोपती घेऊ, पण हा अर्धा तास ठेवा. लोकांना वाद्यं हाताळायची असतात. आम्ही प्रत्येकाला वेगळा किंवा निर्जंतुक केलेला मुखभाग देतो. पुठ्ठ्याची रिकामी खोकी जमवून ठेवा. त्यावर तारांचा ब्रश फिरवला की स्नेअर ड्रमच्या (खाली तारा ताणलेल्या, सरसर वाजणाऱ्या ड्रमच्या) जवळ जाणारा आवाज येतो, आणि एका वेळी वीस जण ताल धरू शकतात.

आणि एकदाच बोलवायचं असेल तर आधी विचार करा. एका कार्यक्रमाने फोटो चांगले येतात. दुसऱ्या वेळी मुलं ड्रमवादकाला नावाने हाक मारतात, तिसऱ्या वेळी कोणीतरी कोपऱ्यात थांबून हळूच विचारतं, की हे शिकायचं कुठे. संस्था वर्षभराचं वेळापत्रक आखते ते या तिसऱ्या वेळेसाठी. शिकू इच्छिणाऱ्यांना ती वाद्यं उसनी देते, त्यांची दुरुस्ती आमच्याकडे.

फोन करण्याआधी खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा. मधोमध उभं राहून एकदा खणखणीत टाळी वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. टाळीनंतर आवाज किती वेळ रेंगाळतो, त्यावरून कोणती वाद्यं आणायची हे आम्हाला बरंच कळतं. किती माणसं येतील, त्यांची वयं काय, कोणी चाकाच्या खुर्चीवर आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हेही कळवा. मग एक दिवस आम्ही स्वतः येऊन जागा पाहतो आणि त्यानंतरच तारीख पक्की करतो.