सिलेक्टर फोर्कची बसवणी व जुळवणी

सिलेक्टर फोर्कची बसवणी व जुळवणी : जुन्या मोटारीची गिअरपेटी खोलून पुन्हा बांधताना गिअर बदलणारे फोर्क त्यांच्या दांड्यांवर नेमक्या जागी पक्के करण्याचे काम. शास्त्रीय लेखनात गिअरला दंतचक्र म्हणतात, पण वर्कशॉपमध्ये गिअर, फोर्क, स्लीव्ह हेच शब्द चालतात आणि येथेही तेच ठेवले आहेत. फोर्कची दोन टोके स्लीव्हच्या, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या, गोल खोबणीत बसतात. स्लीव्ह फिरत असते, फोर्क फिरत नाही; दांडा पुढे-मागे सरकला की फोर्कबरोबर स्लीव्ह सरकते आणि गिअर पडतो.

उगम : मोटारीत सरकत्या गिअरची पेटी रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील पानार-लव्हासोर या कंपनीला, साधारण १८९१ च्या सुमारास, दिले जाते. ‘ओबडधोबड आहे, पण चालते’ अशा आशयाचे एमिल लव्हासोर यांचे उद्गार या पेटीविषयीच सांगतात. फोर्कची कल्पना मात्र मोटारीपेक्षा जुनी आहे. गिरण्यांच्या यंत्रांत पट्टा एका पुलीवरून दुसरीवर नेण्यासाठी आणि दात्यांचा क्लच गुंतवण्यासाठी दुबेळका फोर्क एकोणिसाव्या शतकात वापरात होता. त्यामुळे मोटार बनवणाऱ्यांनी तो नव्याने शोधला असे म्हणण्यापेक्षा यंत्रशाळेतून उचलला असे मानणे अधिक ग्राह्य वाटते.

वाद आहे तो फोर्क एकाहून अधिक कधी झाले याविषयी. आरंभीच्या पेट्यांत लिव्हर एकाच रेषेत सरके आणि गिअर ओळीने, एकामागून एक घ्यावे लागत. हवा तो गिअर थेट निवडायचा तर प्रत्येक जोडीला वेगळा दांडा, वेगळा फोर्क आणि लिव्हरला वाट दाखवणारी खाचांची जाळी लागते. व्हिल्हेल्म मायबाख यांनी आखलेल्या १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये ही मांडणी दिसते व बहुतेक लेखक तीच आरंभ मानतात. अमेरिकेत पॅकार्डसाठीही असाच दावा केला जातो, तो साधारण १९०२ चा. दोन्ही ठिकाणी एकाच अडचणीतून एकच उत्तर निघाले असावे. तरी प्रत्यक्ष गाडी पाहता मर्सिडीजचा दावा अधिक बळकट दिसतो. फोर्कच्या दृष्टीने याहून मोठा बदल सिंक्रोमेशने, म्हणजे गिअर गुंतण्यापूर्वी गिअर व स्लीव्ह यांचे वेग जुळवणाऱ्या रचनेने, घडवला. अर्ल टॉम्पसन यांची ही योजना कॅडिलॅकने १९२८ च्या अखेरीस बाजारात आणली. तोवर फोर्कचे काम गिअर ढकलून देण्यापुरते होते. आता दोन्ही वेग जुळेपर्यंत त्याला दाब धरून ठेवावा लागला आणि त्याची टोके झिजू लागली.

जुळवणीचे तत्त्व : गिअर पडल्यावर फोर्कवर कसलाही भार राहता कामा नये. स्लीव्हला जागी धरतात ते तिच्या दात्यांचा किंचित उलटा उतार आणि दांड्यावरच्या खाचेत बसणारा बॉल व स्प्रिंग. चालत्या गाडीत फोर्कचे टोक खोबणीच्या भिंतीला टेकून घासत असेल, तर तो तापतो, झिजतो आणि शेवटी गिअर सटकतो. म्हणून फोर्कची जागा दांड्याच्या खाचेवरून नव्हे, तर स्लीव्हवरून ठरवावी लागते. बॉल खाचेत बसल्याचा ‘टक्’ आवाज आला की काम झाले, असे समजण्याची चूक फार होते.

हे आकड्यांत पाहू. समजा, न्यूट्रलच्या खाचेपासून दोन्ही बाजूंच्या खाचा ९ मिमी अंतरावर आहेत आणि स्लीव्ह पूर्ण गुंतायला ९.६ मिमी सरकू शकते. तिसरा व चौथा गिअर टाकणारा फोर्क बरोबर मध्यावर असेल तर दोन्हीकडे ९ मिमी चाल मिळते. तो चौथ्या गिअरकडे अर्धा मिमी सरकलेला असेल तर चौथ्याला ९.५ आणि तिसऱ्याला ८.५ मिमी मिळते. चौथा गिअर ठणठणीत वाटतो. तिसरा मात्र एक मिमीहून अधिक अपुरा गुंततो आणि घाटात अॅक्सिलरेटर सोडताच बाहेर येतो. अशा वेळी नवी सिंक्रो रिंग (वेग जुळवणारे कडे) घालून काहीच हाती लागत नाही.

बसवणी : प्रथम दांडे सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर लोळवून पाहतात, वाकलेला दांडा अडखळतो. मग फोर्क आपल्या स्लीव्हच्या खोबणीत फिरवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजतात. ती मिमीच्या दशांशांत असते व नेमकी मर्यादा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी. दोन्ही टोकांना पातळ निळा रंग लावून स्लीव्ह हाताने फिरवली की खरी गोष्ट समोर येते. फोर्क सरळ असेल तर दोन्ही टोकांवर सारखा डाग उमटतो. तो पिळला असेल तर एका टोकाच्या वरच्या कडेला नखाएवढी चकचकीत पट्टी दिसते आणि दुसऱ्या टोकावरचा रंग पुसलेलाही नसतो. पितळी किंवा अॅल्युमिनियम-ब्राँझचा फोर्क ठोकून सरळ करण्याच्या मोहात पडू नये. तो चिरतो, आणि चीर बाहेरून दिसतेच असे नाही.

फोर्क दांड्यावर पक्का करण्याच्या दोन परंपरा दिसतात. एमजीए, एमजीबी अशा अनेक ब्रिटिश गाड्यांत शंकूच्या टोकाचा स्क्रू दांड्याच्या भोकात बसतो आणि त्यावर लॉकनट येतो. येथे जागा कारखान्यातच ठरलेली असते, बसवणाऱ्याला सरकवायला वाव नसतो. म्हणून चूक निघाली तर ती झिजलेल्या फोर्कमध्ये, स्क्रूच्या बोथट झालेल्या टोकात किंवा मेन शाफ्टच्या पुढे-मागे होणाऱ्या चालीत शोधावी. स्क्रूचे टोक एका बाजूने घासून चपटे झालेले अनेकदा आढळते. तेवढ्यानेही फोर्क डुलू लागतो. स्क्रू लॉकनटने, तर काही पेट्यांत वायरने जखडतात. ही वायर पुन्हा न वापरता नवी घालावी.

फोक्सवॅगन बीटल आणि जुन्या पोर्शे गाड्यांत फोर्क दांड्यावर क्लॅम्पच्या बोल्टने आवळलेला असतो, म्हणजे तो सरकवता येतो. त्यासाठी जुळवणीचा जिग, म्हणजे गिअरचा संच पेटीबाहेर धरून ठेवणारा साचा, लागतो. गिअरचा संच जिगवर उभा करायचा, पेटीत जाणाऱ्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) तशाच तेथे धरायच्या, मग प्रत्येक गिअर टाकून फोर्क खोबणीच्या दोन्ही भिंतींपासून सुटा आहे याची खात्री करायची आणि न्यूट्रलमध्ये स्लीव्ह मध्यावर आणायची. त्यानंतर बोल्ट आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा सगळे तपासायचे, कारण आवळताना फोर्क किंचित हलतो. नंतर शिमची जाडी बदलली तर ही जुळवणी नव्याने करावी लागते.

इंटरलॉक : दोन दांडे एकाच वेळी सरकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पिन किंवा प्लंजर असतात. पुष्कळ पेट्यांत मधल्या दांड्याच्या आरपार एक लहान पिन जाते. दांडा बाहेर काढताना ती तेलात पडते आणि राहून जाते. तशीच पेटी बंद केली तर एखाद्या दिवशी दोन गिअर एकत्र पडून पेटी जाम होते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी एक गिअर टाकून दुसरा दांडा हाताने ढकलून पाहणे हा नियम ठेवावा. तो मुळीच हलता कामा नये.

भारतातील गाड्या : कुर्ल्यात बनलेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनीत आणि जुन्या अँबॅसडरमध्ये गिअरचा लिव्हर स्टिअरिंगखाली असे. लिव्हरपासून पेटीपर्यंत सांधे आणि बुश असतात. ते झिजले की दांडा खाचेपर्यंत पोहोचतच नाही आणि दोष फोर्कचा वाटतो. अशा गाडीत पेटी उतरवण्यापूर्वी लिंकेज सोडवून, पेटीवरचा आर्म हाताने फिरवून, गिअर पूर्ण पडतो का ते पाहावे.